भिंतीआधी दिवे

प्रिय,

नवं घर कसं सजवायचं याच्या नमुन्यासाठी तू पाठवलेले सतरा फोटो नीट पाहिले. सगळे छान आहेत. पण ती सतरा वेगवेगळ्या माणसांची घरं आहेत, हे लक्षात आलंय ना? एकात फ्लूटेड, म्हणजे उभ्या खाचांच्या पॅनेलची भिंत, एकात शेवाळी रंगाचं स्वयंपाकघर, एकात जपांडी, म्हणजे जपानी आणि स्कॅन्डिनेव्हियन मिसळून करतात तसलं बुटकं, फिकट लाकडाचं फर्निचर. आणि एकाही फोटोत चार्जरची वायर नाही, वाळत घातलेला टॉवेल नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकाही फोटोत संध्याकाळ नाही. सगळे भर दिवसा, खिडकीच्या उजेडात काढलेले. तू कामावरून सातला घरी येतेस. सुट्टीचे दिवस सोडले, तर तुझं घर तू दिव्यांच्या उजेडातच बघणार. तेव्हा रंगांचं शेडकार्ड बाजूला ठेव, आधी दिव्यांचं बोलू.

बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो, त्याच्यापुढे इंग्रजी 'के', म्हणजे केल्विन. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, ऊबदार उजेड. 4000 मधला. 6500 म्हणजे निळसर पांढरा, ज्याला दुकानात 'कूल डेलाइट' म्हणतात. बैठकीत आणि झोपायच्या खोलीत 3000 च्या वर जाऊ नकोस. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर 4000 चालेल. एका खोलीत दोन तऱ्हेचे बल्ब लागले, की महागडं फर्निचरही उपरं दिसतं. खोक्यावर 'सीआरआय' हा दुसरा आकडाही बघ, तो रंग किती खरे दिसतील ते सांगतो. 90 किंवा जास्त असेल तर त्या उजेडात रंग खरे दिसतात, माणसांचे चेहरेसुद्धा. आणि छताच्या मधोमध एकच भगभगीत दिवा नको. एक कोपऱ्यात उभा, एक टेबलावर, एक भिंतीवर, असे वेगवेगळ्या उंचीचे तीन मंद दिवे लाव. मग खोलीत सावल्या पडतात, आणि सावल्यांशिवाय खोलीला खोली येत नाही. (कोटी आहे, माफ कर. पण खरी आहे.)

हे मला माझ्याच घरानं शिकवलं. तेव्हा सगळीकडे ग्रेची लाट होती. मी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उभं राहून, आगपेटीएवढ्या चौकोनावरून एक मऊसा ग्रे निवडला. रंगारी दोन हात मारून गेला. सकाळी भिंत निळी दिसायची, ढगाळ दुपारी सिमेंटसारखी, आणि दिवे लागले की मळकट जांभळी. चूक सर्वस्वी माझी. लोकांच्या घरी रंग सुचवणारी बाई स्वतःच्या घरात सात वर्षं त्या जांभळ्या भिंतीसमोर बसली.

तेव्हापासून मी असं करते. एक मोठा पुठ्ठा घ्यायचा, त्यावर निवडलेल्या रंगाचे दोन हात द्यायचे, कडेनं चार बोटं पांढरी जागा सोडायची. जुन्या भिंतीचा रंग नव्याला चिकटून डोळ्यांना फसवतो, ती पांढरी कड त्याला अडवते. मग पुठ्ठा दोन दिवस घरभर फिरवायचा. सोफ्याच्या पाठीशी, खिडकीजवळ, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघायचा. पसंत पडला तरी एक छटा फिका घे, कारण चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि कार्डावरचा शांत पिवळा खोलीत आरडाओरडा करतो. भिंत उंचसखल असेल तर मॅट घे; चकचकीत रंगात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. आणि ओल असेल तर आधी तिचं मूळ शोध. ओलीवर मारलेला कुठलाही रंग पोपडे धरतोच.

आता ट्रेंड. मी त्यांच्या विरोधात नाही, मलाही नव्याचा मोह होतो. पण त्यांचा वेग बघ. पॅन्टोन ही रंगांची अमेरिकन कंपनी 2000 सालापासून 'वर्षाचा रंग' जाहीर करते. 2024 चा पीच होता, 2025 चा कॉफीसारखा तपकिरी. फरशी मात्र वीस वर्षं टिकते. म्हणून माझी एक साधी चाचणी आहे: ही गोष्ट मला कंटाळा आल्यावर एका दुपारीत, एकटीला काढता येईल का? उश्यांचे अभ्रे, पडदे, दिव्याची शेड, गालिचा, फार तर एखादी भिंत, यांत हवी तेवढी हौस कर. जे काढायला गवंडी किंवा सुतार लागेल, ते साधं ठेव. फॅशनच्या नादात माणसांनी याहून भयंकर गोष्टी केल्यात. एकोणिसाव्या शतकात युरोपात एका झगझगीत हिरव्याचं वेड होतं. 1775 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञानं शोधलेला तो रंग वॉलपेपरवर सर्रास असे, आणि त्यात आर्सेनिक होतं.

तुझ्या त्या फ्लूटेड पॅनेलमध्ये विष नाही, धूळ आहे. प्रत्येक खाचेत. फडकं वरून नुसतं सरकतं, आत ब्रश घालून एकेक खाच वरून खाली झाडावी लागते. ते कोण करणार, एवढं ठरव आणि मग खुशाल लाव.

एल आकाराच्या सोफ्याबद्दल विचारलंस. घेण्याआधी त्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर मास्किंग टेपनं चिकटव आणि आठवडाभर त्यांना वळसा घालून चाल. ये-जा करायला 75 ते 90 सेंटिमीटर वाट हवी, सोफा आणि टीपॉय यांच्यात 40 ते 45. चौथ्या दिवशीही कागदावर पाय पडत असेल, तर सोफा मोठा आहे. दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापंही घे. सोफा खालीच अडकून राहिलेला मी दोनदा पाहिलाय. चित्रं लोक फार उंच टांगतात. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेव. पडद्याची दांडी चौकटीच्या वीतभर वर आणि दोन्ही बाजूंना थोडी पुढे काढलीस तर खिडकी मोठी वाटते. कापड मात्र दांडीच्या निदान दुप्पट रुंद हवं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा चादर लटकवल्यासारखा दिसतो.

सुताराला आत्ताच बोलावू नकोस. महिनाभर राहा. पिशवी नेमकी कुठे टाकतेस, प्लग पॉइंट कुठे कमी पडतो, मोबाईल घेऊन कुठे जाऊन बसतेस, हे आपोआप कळेल. कपाटं त्यावरून ठरव.

आणि आता मला अठरावा फोटो पाठव. तुझ्याच घराचा, संध्याकाळी सातचा, दिवे लावून. आवरू नकोस.

तुझी,
ताई