सात आठवड्यांचा वण

पत्र : ताई, मी २९ वर्षांची आहे. नाक आणि वरचा ओठ यांच्यातलं अंतर मला शाळेपासून खुपायचं. स्वतःच्या पैशांनी लिप लिफ्ट, म्हणजे नाकाखालची थोडी त्वचा काढून ओठ वर घ्यायची शस्त्रक्रिया, करून घेतलं, त्याला आज सात आठवडे झाले. नाकाखालचा वण लाल आहे, हाताला टणक लागतो आणि टाके काढले तेव्हापेक्षाही वाईट दिसतो. दिवसातून दहादा फोनवर फोटो मोठा करून बघते. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावते, मैत्रिणीने दिलेलं एक क्रीमही लावते. घरात फक्त मोठ्या बहिणीला सगळं माहीत आहे. पहिले दोन दिवस तिनेच उशाशी बसून बर्फाची पिशवी धरली. पण नंतर ती म्हणाली, ‘चांगला चेहरा होता, हौस नडली.’ पुढच्या आठवड्यात कामावर रुजू व्हायचंय. मास्क काढून लोकांसमोर कशी जाऊ?

उत्तर :

अगं, आधी एक गोष्ट नीट ऐक. सातव्या आठवड्यात वण लाल आणि टणक असणं म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली असं नव्हे. टाके निघतात तेव्हा वण बारीक, फिकट दिसतो आणि आपल्याला वाटतं की झालं, सुटलो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. शरीर घाईघाईने तिथे कोलाजेन, म्हणजे त्वचेला बांधून ठेवणारं प्रथिन, भरतं, गरजेपेक्षा जास्तच भरतं, आणि त्याला रसद पुरवायला बारीक रक्तवाहिन्या दाटतात. लाली त्यांची असते. बहुतेक वण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात वाईट दिसतात. मग शरीर तेच कोलाजेन मोडून पुन्हा नीट रचत जातं, आणि या सगळ्याला १२ ते १८ महिने लागतात. बोटाखाली शिवणीत राहून गेलेल्या दोऱ्यासारखं जे लागतंय, ते हळूहळू मऊ होत जाईल. तुझा वण अशा जागी आहे की बोलताना, हसताना, चावताना तो सतत हलतो. त्याला थोडा जास्त वेळ दे.

आता त्या क्रीमबद्दल, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. कुणीतरी दिलेल्या, नाव-घटक माहीत नसलेल्या क्रीममध्ये स्टेरॉइड असू शकतं. तोंडाभोवतीच्या नाजूक त्वचेवर ते रोज लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक पुरळ येतं आणि लाली वाढते. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस लावलंस ते खरं सांग आणि कसं थांबवायचं ते त्यांनाच विचार, कारण एकदम बंद केल्यावर कधीकधी पुरळ उसळतं. व्हिटॅमिन ई मात्र आजच बंद कर. त्याने वण सुधारतो याला भक्कम आधार नाही, उलट बऱ्याच जणींना त्याची ॲलर्जी येते. तुझ्या लालीतली थोडी लाली त्या कॅप्सूलचीच असू शकेल.

त्याऐवजी सिलिकॉन जेल. ते वणातला ओलावा टिकवून धरतं आणि जास्तीचं कोलाजेन आटोक्यात ठेवायला मदत करतं. सिलिकॉनची पट्टीही मिळते, पण नाकाखालच्या वळणावर ती टिकत नाही. जखम पूर्ण मिटलेली असेल तरच, दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर. जाड लावलं की चिकट राहतं आणि पुसलं जातं. किमान दोन-तीन महिने नेमाने लाव. जेल वाळलं की त्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन, आणि उन्हात असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. यात आळस करू नकोस. कोवळ्या वणावर ऊन पडलं की तो काळवंडतो, सावळ्या-गव्हाळ त्वचेत तर लवकरच, आणि तो डाग जायला महिनोन्‌महिने लागतात.

मालिशही उपयोगी पडते, पण सर्जनने हो म्हटल्यावरच. बोटाचं टोक वणावर ठेवायचं, खालची त्वचा फिकी पडेल इतकंच दाबायचं आणि छोटे गोल फिरवायचे. त्वचा दोन्ही बाजूंना ताणायची नाही. तीन महिन्यांनीसुद्धा वणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोचते, म्हणून ओढाताण नको. सिगारेट ओढत असशील तर सोड, निकोटिनने रक्तपुरवठा आखडतो.

पू, ताप, वाढती वेदना किंवा वण उसवल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी सर्जनला गाठ. वण फुगत जाऊन मूळ रेघेबाहेर पसरू लागला, खूप खाजू लागला, तर केलॉइडची शंका घ्यायची. त्यावर वणात द्यायची इंजेक्शनं असतात आणि ती लवकर सुरू केलेली बरी. दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया मात्र आत्ता डोक्यातही आणू नकोस. वण पूर्ण निवळायला वर्षभर तरी जाऊ दे.

कामावर मास्क घालायला हरकत नाही, फक्त त्याची कड वणावर घासू देऊ नकोस. त्वचा मिटली असेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर हिरवट कन्सीलरचा एक ठिपका आणि त्यावर तुझ्या रंगाचा कन्सीलर लावलास की लाली बरीच दबते. कुणी विचारलंच तर ‘छोटी शस्त्रक्रिया झाली, बरी होतेय’ एवढं पुरे. कसली, का, हे सांगायला तू कुणाची बांधील नाहीस. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल, स्वतःच्या पैशांनी, विचार करून घेतलेला निर्णय होता. तो गुन्हा नव्हता.

‘हौस नडली’ हे वाक्य लागतं, मला वाचतानाही लागलं. पण त्याच बहिणीने पहिले दोन दिवस तुझ्या उशाशी बसून बर्फाची पिशवी धरली, हेही तूच पत्रात लिहिलंयस. माणसं घाबरली की असं काहीबाही बोलून जातात. एकदा तिला सांग की त्या शब्दांनी तुला काय झालं. आणि फोन तिच्या हातात दे. महिन्यातून एकच फोटो, त्याच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून, झूम न करता. मधल्या दिवसांत कॅमेरा बंद. जानेवारीचा आणि जूनचा फोटो शेजारी ठेवल्यावर जे दिसतं, ते दिवसातून दहादा बघून कधीच दिसत नाही.