घरच्यांचे फोटो काढताय? सुरुवातीला एवढंच करा

नवा कॅमेरा घ्यायची घाई नको, हातातला फोन पुरे. आधी त्याची लेन्स पुसा. बोटांच्या डागांनी फोटो धुरकट येतात.

मग उजेड बघा. फ्लॅश बंद, माणूस खिडकीच्या शेजारी. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो, ही सगळ्यांचीच पहिली चूक (माझीही).

मूल जमिनीवर खेळतंय? तुम्हीही खाली बसा, उभ्याने नुसती टाळू दिसते. आणि 'इकडे बघ, हस' बंद! माझा सर्वांत लाडका फोटो बुटाची नाडी बांधताना जीभ बाहेर आलेल्या लेकीचा आहे. तिला पत्ताही नव्हता.

पळापळ असेल तर बर्स्ट मोड (एका दमात सलग बरेच फोटो काढायची फोनमधली सोय) लावा, दहातला एक ठेवा. शटर स्पीड, आयएसओ वगैरे नंतर बघू.