८० वर अडलंय? अडू द्या की!

प्रश्न : नमस्कार. मी सिडकोत राहते, घरूनच अकाउंट्सचं काम करते, लॅपटॉप सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत चार्जरलाच असतो. दोन वर्षं झाली घेऊन. आधी चार तास आरामात चालायचा, आता लाईट गेली की दीड तासात मान टाकतो. त्यात मध्यंतरी चार्जिंग ८० टक्क्यांवर जाऊन थांबायला लागलं, पुढे हलायचंच नाही, मग भाच्याने कुठलंसं सेटिंग बंद करून दिलं तेव्हा परत १०० होऊ लागलं. आता एक रिपेअरवाले म्हणतात की रोज बॅटरी पूर्ण संपवायची आणि मगच चार्जर लावायचा. खरं काय?

उत्तर : ताई, आधी भाच्याला बोलवा आणि ते सेटिंग परत चालू करून घ्या. तो बिघाड नव्हताच, लॅपटॉप मुद्दाम थांबत होता.

आत लिथियम आयनचे सेल असतात, पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज साधारण ४.२ असतं आणि त्या अवस्थेत तो तासन् तास पडून राहिला की आतली रसायनं लवकर म्हातारी होतात, म्हणजे ओव्हरचार्ज होतं असं नाही हं, १०० झाले की चार्जिंग आपोआप तुटतं आणि लॅपटॉप चार्जरवरच चालतो, पण बॅटरी मात्र दिवसभर काठोकाठ भरलेली बसून असते. ८० वर ठेवली की हा ताण बराच कमी होतो. तुमच्यासारखं अकरा तास प्लग लावून काम असेल तर ८० च बरं.

कंपनीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून दोन-चार सांगून ठेवतो. लेनोवोत व्हॅन्टेज ॲपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड, असूसमध्ये मायअसूस ॲपमधला बॅटरी केअर मोड, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा सेटिंगचा पडदा) जाऊन बॅटरी हेल्थ मॅनेजर, डेलमध्ये प्रायमरिली एसी यूज. काही मॉडेल ८० ऐवजी ६० लाच थांबतात, घाबरू नका.

रिपेअरवाल्यांचा सल्ला जुन्या निकेल कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. लिथियमला रोज शून्यावर नेणं उलट त्रासाचंच. टक्केवारी वेड्यासारखी उड्या मारत असेल, ४० वरून एकदम १०, तर कधीतरी एकदा संपवून पूर्ण भरा, त्याने आकडा सुधारतो, बॅटरी नाही.

आणि उष्णता! एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून खालची जाळी बंद केली तर सेटिंग कितीही छान असो, काही उपयोग नाही. माझं स्वतःचं सांगतो, सातपूरला पत्र्याच्या खोलीत बसून दोन उन्हाळे काम केलं, लॅपटॉप कायम १०० वर, एक दिवस टचपॅड वर आलेला दिसला, क्लिकच होईना. बॅटरी फुगली होती. असं दिसलं तर लगेच बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, सरळ बदलून घ्या.

तुमची किती उरलीये ते बघायचंय? विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा, एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची) हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पहिला ४५,००० आणि दुसरा २७,००० असेल तर ६० टक्केच शिल्लक. गेलेली परत येत नाही, ८० च्या सेटिंगनेही नाही, त्याने फक्त पुढची झीज हळू होते. नवीन टाकलीत तर पहिल्या दिवसापासून लावा.

हां, उद्या लाईट जाणार असा मेसेज आला की आदल्या रात्री खुशाल १०० करा. एखाद्या दिवसाने काही होत नाही.

प्रश्न : महिनाभर गावी जातोय, लॅपटॉप नाशिकरोडच्या घरीच राहील. फुल चार्ज करून ठेवू का?

उत्तर : नको. निम्मा चार्ज करा, पूर्ण शटडाउन करा, स्लीपवर सोडू नका. आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नका, दुपारी ते तव्यासारखं तापतं.