दिरांचे आकडे आणि मुलाचे लग्न

सप्रेम नमस्कार.

बॉस्टनला नोकरी करणारा तुमचा एकुलता एक मुलगा येत्या सप्टेंबरमध्ये तेथेच आपल्या मित्राशी रीतसर विवाह करणार आहे आणि त्याने तुम्हाला बोलावले आहे. यजमानांच्या पश्चात घरात ज्यांचा शब्द चालतो ते तुमचे थोरले दीर मात्र म्हणतात की, असल्या कायद्यांमुळेच अमेरिकेत घटस्फोटांचा सुकाळ झाला आणि हे लग्नही दोन वर्षे टिकायचे नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे का आणि आपण जावे का, असे तुम्ही विचारता.

दिरांनी क्रम उलटा लावला आहे. अमेरिकेत घटस्फोटांचे प्रमाण शिगेला पोहोचले ते १९८१ च्या सुमारास, दर हजार लोकसंख्येमागे ५.३, आणि त्या वेळी दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहाला जगात कोठेही कायद्याची मान्यता नव्हती. त्या वाढीमागे स्त्रियांच्या हाती आलेली स्वतःची मिळकत होती, तसाच जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कायदाही होता, जो कॅलिफोर्नियात १९७० पासून लागू झाला आणि पुढे इतर राज्यांनी उचलला. समलिंगी विवाहाला मान्यता देणारा पहिला देश नेदरलँड्स, २००१ साली. अमेरिकेतील पहिले राज्य मॅसॅच्युसेट्स, १७ मे २००४ पासून, आणि तुमचा मुलगा राहतो ते बॉस्टन याच राज्याची राजधानी. घटस्फोट सर्वांत कमी होणाऱ्या राज्यांत त्याची गणना आजही होते. देशाचा दर २००० साली हजारी ४.० होता, तो २०२२ मध्ये २.४ वर उतरला. हा उतार नव्या कायद्यामुळे आला, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर दिरांचीच चूक मी दुसऱ्या टोकाने केल्यासारखे होईल. लोक उशिरा लग्न करू लागले, पुष्कळ जण लग्नावाचूनच एकत्र राहू लागले, आणि विवाहांचे प्रमाणही याच काळात हजारी ८.२ वरून ६.२ वर आले. जी लग्ने लागतच नाहीत ती मोडणार तरी कशी? मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याला वीस वर्षे झाली तेव्हा, २०२४ मध्ये, रँड या संशोधन संस्थेने हाच प्रश्न तपासला, आणि स्त्री-पुरुषांच्या विवाहांवर या कायद्यांचा अनिष्ट परिणाम झाल्याचे तिला आढळले नाही.

राहिला टिकण्याचा प्रश्न. नेदरलँड्सच्या नोंदींत दोन स्त्रियांचे विवाह दोन पुरुषांच्या विवाहांपेक्षा अधिक मोडलेले दिसतात, त्यामुळे ‘असली लग्ने’ असा एकच ढीग करता येत नाही. शिवाय सरासरीवरून एका जोडप्याचे भविष्य कळत नाही. ते आपल्याकडे छत्तीस गुण जुळवूनही कळत नाही.

व्यवहाराची एक बाब मात्र ध्यानात ठेवावी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला, त्यामुळे भारतात त्या मुलाला तुमच्या मुलाचा पती म्हणून वारसाहक्क मिळणार नाही. येथील घरात किंवा ठेवींत मुलाचा वाटा असेल, तर त्याने इच्छापत्र करावे, हे त्याला सांगा.

तुमच्या पत्रात आकड्यांना तीन परिच्छेद आहेत आणि त्या मुलाविषयी एकच ओळ: तुम्ही आजारी होता तेव्हा तो रोज रात्री फोन करून औषध घेतले का, असे विचारत असे. दिरांच्या वादात ही ओळ कोठेच बसत नाही, तरी ती तुम्ही लिहिली. मला वाटते, जावेसे तुम्हाला वाटतेच आहे. फक्त दिरांना काय सांगावे, हे सुचत नाही. मुलाच्या लग्नाला जाते आहे, एवढेच सांगा. आकडे वरचे दाखवा हवे तर, पण परवानगी मागू नका. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला बराच वेळ लागतो, तेव्हा अर्ज याच आठवड्यात भरा.