गरोदरपणात बुलिमिया पुन्हा सुरू झाला आहे. डॉक्टरांना सांगावे का, आणि पुढे बाळाला अंगावर पाजता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की कॉलेजात असताना तुम्हाला बुलिमिया, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते मुद्दाम उलटी करून बाहेर काढण्याचा खाण्याचा विकार, होता, उपचारांनी तो आटोक्यात आला, आणि आता सहाव्या महिन्यात जेवणानंतर मुद्दाम उलटी काढणे पुन्हा सुरू झाले आहे. सासरी सगळ्यांचा समज असा की या गरोदरपणाच्याच उलट्या आहेत. मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे आणि माझे बरेचसे काम गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांच्याबरोबर चालते. माझे उत्तर असे: डॉक्टरांना सांगा, आणि बाळंतपणाची वाट न पाहता सांगा, कारण या आजाराचा सर्वांत अवघड काळ बहुधा बाळ झाल्यानंतरच्या महिन्यांत येतो आणि त्याची तयारी आधीच करावी लागते.

गरोदरपणात पुष्कळ जणींचा हा आजार आपोआप सौम्य होतो. पोटातल्या जिवासाठी का होईना, त्या जेवण पोटात राहू देतात. नॉर्वेत हजारो गरोदर स्त्रियांच्या पाहणीतही असे सौम्य होणे दिसले, आणि त्याच पाहणीत काही जणींना भरमसाट खाण्याचे झटके गरोदरपणातच नव्याने सुरू झालेलेही आढळले. बाळंतपणानंतर मात्र ‘बाळासाठी खाते आहे’ हा आधार सुटतो, झोप उडालेली असते, पोट लगेच पूर्ववत होत नाही, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण आधी बाळाकडे आणि मग आईच्या अंगाकडे पाहून काहीतरी बोलतोच. तुमचा त्रास आताच परतला आहे, म्हणजे त्या काळाची सूचना तुम्हाला तीन महिने आधी मिळाली आहे, असे समजा.

न सांगितल्यास काय होते, तेही पाहू. सामान्य मळमळ बहुतेकींची चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरते. सहाव्या महिन्यात उलट्या होतात एवढेच कळले, तर डॉक्टर उलटी थांबवण्याची गोळी देतील, आणि ती गोळी तुमच्या आजारावर काहीच करणार नाही. खरे कारण कळले, तर डॉक्टर रक्तातील पोटॅशियम तपासतील, कारण वारंवार उलट्यांनी ते खाली येते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. बाळाची वाढ सोनोग्राफीत अधिक लक्षपूर्वक पाहतील. आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांची वेळ अशी ठरवतील की त्या पोटात टिकतील. लोहाची गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली, तर ती घेतल्याचे समाधान फक्त कागदावर राहते. पोट साफ होण्यासाठी एखादे चूर्ण किंवा गोळ्या घेत असाल, तर त्याही सांगा. दातांसाठी एवढेच की उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा.

वजनाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांचे सर्वांत जास्त बिनसते ते इथेच. गर्दीच्या दवाखान्यात सिस्टर काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचतात, दुसरी कोणी तो कार्डावर लिहिते, आणि बाकावर बसलेल्या दहा जणी तो ऐकतात. बुलिमिया असलेल्या स्त्रीची पुढची दोन जेवणे त्या एका आकड्यावर ठरतात. तुम्ही काट्याकडे पाठ करून उभ्या राहू शकता आणि ‘आकडा मला सांगू नका, फक्त लिहा’ असे म्हणू शकता. ही मागणी विचित्र नाही; खाण्याच्या विकारांवर उपचार करणारे लोक स्वतःच ही पद्धत वापरतात.

‘आता दोघांचे जेव’ हे वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीत गरोदरपणातली वाढीव गरज दिवसाला सुमारे ३५० कॅलरी आहे, आणि पाजत असताना पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६००. हे आकडे मोजत बसण्यासाठी मुळीच देत नाही. दुप्पट जेवण कोणीही अपेक्षित धरलेले नाही आणि नेहमीपेक्षा कमी जेवणेही चालणार नाही, इतकेच त्यातून घ्या.

बाळाविषयी खरे तेच सांगते. सक्रिय आजारात कमी वजनाचे बाळ आणि मुदतीपूर्वी प्रसूती यांची शक्यता वाढते. तरीही उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रियांना सुदृढ बाळे होतात. पोषणाची गोष्ट केवळ वजनावर संपत नाही, हे पुण्यातल्याच संशोधनाने दाखवले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला, आणि गरोदरपणातली बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता मुलांच्या पुढच्या चयापचयाशी जोडलेली असल्याचे त्यात दिसले. तो अभ्यास खाण्याच्या विकारांचा नव्हता, पण शाकाहारी घरात राहणाऱ्या आणि वर उलट्या काढणाऱ्या स्त्रीने बी-१२ तपासून घेणे शहाणपणाचे आहे.

दूध येईल का? बहुधा येईल. आईचा आहार बेताचा असला, तरी शरीर दुधाचे प्रमाण बरेच टिकवून धरते आणि कॅल्शियम लागले तर आईच्या हाडांतून काढते. मात्र बी-१२सारखी काही जीवनसत्त्वे आईकडे नसतील तर दुधातही कमी पडतात, आणि उपाशी राहणे तीव्र झाले तर दूधही घटते. पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करणारे डाएट पाजत्या आईने अजिबात करू नये. त्यातून रक्तात आम्ल साचून रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली जात नाही: काही जणी वजन उतरावे म्हणून गरजेपेक्षा जास्त वेळा दूध काढतात. तसे मनात येऊ लागले, तर तो आजारच बोलतो आहे हे ओळखा.

आता बाळंतपणाचा खुराक. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, वरून तुपाची धार, हे सगळे मायेनेच येते, पण बुलिमिया असलेल्या स्त्रीला लाडवांचा भरलेला डबा उशाशी ठेवणे धोक्याचे ठरते. एका बाळंतिणीने घरच्यांनी दिलेले लाडू लंगोटांच्या पिशवीत तळाशी लपवले होते आणि रात्री एकदम सगळे खाल्ले होते. तिच्या आईला वाटले, मुलगी छान खाते आहे. माझा सल्ला असा की डबा स्वयंपाकघरातच राहावा, लाडू ताटात एकच यावा, आणि जेवणानंतरचा तासभर कोणीतरी तुमच्याजवळ गप्पा मारत बसावे. याच्या उलट बाजूला उपवास आहे. आपल्या घरांत संकष्टी किंवा एकादशीला न जेवणाऱ्या सुनेला कोणी का म्हणून विचारत नाही, उलट कौतुकच होते, आणि आजाराला नेमका असाच आडोसा लागतो. श्रद्धा असेल तर पूजा करा, पण पाजणे सुटेपर्यंत आणि आजार पूर्ण आटोक्यात येईपर्यंत उपवास बंद, असे आपल्या डॉक्टरांकडून घरच्यांसमोर वदवून घ्या. डॉक्टरांचा शब्द सासूबाईंपुढे सहसा चालतो.

औषधांची भीती असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना गरोदरपण आणि स्तनपान दोन्ही स्पष्ट सांगा. सर्ट्रालिनसारखे नैराश्यावरचे औषध दुधात फारच कमी उतरते, म्हणून पाजणाऱ्या आईसाठी ते बऱ्याचदा निवडले जाते. पूर्वीचे कोणते औषध अजून चालू असेल, तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सगळ्या घराला सांगण्याची गरज नाही. एक माणूस निवडा, नवरा किंवा आई, आणि बाळंतपण माहेरी करायचे असेल तर तिथलाही एक. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे; जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर डॉक्टर ती परस्पर सासरी सांगू शकत नाहीत. खाजगी खर्च परवडत नसेल, तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

डॉक्टरांपुढे बोलताना शब्द सुचणार नाहीत, म्हणून एका कागदावर लिहून न्या: ‘मला पूर्वी बुलिमिया होता, आता पुन्हा मुद्दाम उलट्या काढते आहे, नवऱ्याला बाहेर थांबवून माझ्याशी बोला.’ मात्र छातीत धडधड, चक्कर येऊन पडणे, उलटीतून रक्त, पाणीही न टिकणे किंवा बाळाची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच क्षणी रुग्णालयात जा, आणि उलट्यांचे खरे कारण तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.