यवतमाळकडे खेड्यात राहतो, जुनी ऑक्टाव्हिया कॉम्बी डिझेल घ्यावी का?

भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. नागपुरात २००६ सालची स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी (मागे लांब डिक्की असलेली स्टेशन वॅगन) १.९ डिझेल विकायला आहे, घरात आईबाबा धरून पाच माणसं आहेत, आणि फाट्यापासून गावापर्यंतचा अडीच किलोमीटर रस्ता कच्चा आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी ही गाडी मला आजही मनापासून आवडते. सौदा अडतो तो तिसरीवर. मी आर्णीकडचा कास्तकार. हीच गाडी मी नऊ वर्षं वापरली, त्यामुळे जे लिहितो ते स्वतःच्या हातानं पाहिलेलं आहे.

आधी इंजिन. १८९६ सीसी, चार सिलिंडर, टर्बो आणि इंटरकूलर, ताकद ९० अश्वशक्ती. आजच्या गाड्यांसमोर ९० कमी वाटेल, पण डिझेल घेताना टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, पाहायचा असतो. इथे २१० न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला १९०० फेऱ्यांवरच मिळतो. बोअर ७९.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९५.५, म्हणजे पिस्टनची चाल रुंदीपेक्षा बरीच लांब. असं इंजिन खालच्या फेऱ्यांवर बैलासारखं ओढतं. दर वर्षी आम्ही पाच जण, मागे शिधा आणि पाण्याच्या दोन कॅन घेऊन माहूरगडाला जायचो. चढावर तिसरा गिअर टाकला की पुन्हा खाली यावं लागत नसे, आणि एसी बंद करायची वेळ कधी आली नाही. रिकाम्या गाडीत नागपूर-वर्धा रोडवर लिटरला १७-१८ किलोमीटर, भरलेल्या गाडीत गावाकडच्या रस्त्यावर १४-१५. टाकी ५५ लिटरची, त्यामुळे लांबच्या प्रवासात पंपावर थांबणं फार कमी.

डिक्की हे तर स्टेशन वॅगन घेण्याचं मुख्य कारण. मागची सीट उभी असतानाही साडेपाचशे लिटरच्या आसपास जागा मिळते, आणि सीट पाडली की १५१२ लिटर. मागचा दरवाजा बंपरपर्यंत उघडतो, म्हणून पोतं उंच उचलून आत टाकावं लागत नाही, सरकवलं की झालं. एकटा असलो की सीट पाडून युरियाची ४५ किलोची सहा पोती आणायचो. पाच माणसं बसल्यावर मात्र ढेपीचं एकही पोतं टाकू नका. मागून गाडी बसते आणि सायलेन्सर उंचवट्याला लागतो.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ती गोष्ट, टायमिंग बेल्ट. या इंजिनात एकच रबरी पट्टा व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट फिरवतो, डिझेलचा पंप फिरवतो आणि पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला किंवा दात सरकला की व्हॉल्व्ह खाली राहतात आणि पिस्टन वर येऊन त्यांना मारतो. मग इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवावंच लागतं. नुसता पट्टा जुना झाल्यानंच हे होतं असं नाही. आपल्याकडे याची सुरुवात पुष्कळदा पाण्यापासून होते.

माझ्या गाडीत आधीच्या मालकानं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रसायन) कमी झाला की बोअरवेलचं पाणी टाकलं होतं. मीही दोन उन्हाळे तेच केलं. आपलं बोअरचं पाणी जड, चहाच्या भांड्यावर पांढरा थर बसतो तोच थर आत बसतो. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर, एका लग्नाला जाताना बोनेटमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मला वाटलं एसीचा पट्टा असेल. दिग्रसच्या अलीकडे गाडी एकदम बंद पडली. मिस्त्रीनं वरचं कव्हर काढून दाखवलं: पाण्याच्या पंपाचं बेअरिंग अडकलं होतं, पट्ट्याचे सात-आठ दात सपाट घासून गेले होते आणि कव्हरच्या आत काळ्या रबराचा भुगा साचला होता. आठपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले. त्या वर्षी दहा क्विंटल कापसाचा पैसा त्या हेडमध्ये गेला. शिट्टीकडे दुर्लक्ष मी केलं होतं, हे आजही मनाला लागतं.

म्हणून नागपूरला जाल तेव्हा गाडीचा रंग आणि किलोमीटर पाहू नका. सकाळी लवकर जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड असू द्या. बोनेटला हात लावून पाहा. गरम लागलं तर समजा की आधीच चालू करून ठेवली होती. चावी फिरवल्यावर ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबा, मग स्टार्ट करा. एकदोन सेकंद निळसर धूर चालतो, मिनिटभर राहिला तर नाही. मग कूलंटच्या डबीत टॉर्च मारा. गुलाबी किंवा जांभळट दिसला तर बरं, गंजाच्या रंगाचं पाणी किंवा चिखलासारखा गाळ दिसला तर तिथेच नमस्कार करा. टायमिंग बेल्टचं वरचं कव्हर क्लिपांवर असतं, मिस्त्रीकडून ते काढून पट्ट्याला भेगा आहेत का ते पाहा. आणि एकच प्रश्न विचारा: पट्टा कधी, किती किलोमीटरवर बदलला? बिल किंवा कव्हरवर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी नसेल तर बदललाच नाही असं धरा. मी नंतर दर ६० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, पट्टा, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकत्र बदलत आलो. नुसता पट्टा बदलून मजुरी वाचवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, कारण उद्या पंप गेला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

डिझेल चांगल्या पंपावरच भरा, ड्रममध्ये साठवलेलं नको. याचा इंजेक्शन पंप आतून डिझेलवरच वंगण घेतो, पाणी शिरलं की घासायला लागतो. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो, तो पावसाळ्यात महिन्यातून एकदा सोडा. एअर फिल्टर मी पुस्तकात लिहिल्यापेक्षा दुप्पट वेळा बदलायचो. फाल्गुन-चैत्रात आपल्या रस्त्यांवरचा फुफाटा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. एक चांगली गोष्ट म्हणजे बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाड्यांमधली काजळी जाळणारी गाळणी यात नाही. ती गाळणी साफ व्हायला हायवेवर सलग, वेगानं गाडी चालावी लागते. रोज फाट्यापर्यंत आणि परत असा जो वापर तुम्ही सांगता, त्याला जुनं इंजिन जास्त बरं. कागदांचं म्हणाल तर २००६ च्या गाडीची १५ वर्षं २०२१ लाच भरली. त्यानंतर आरटीओकडे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढते. आरसीवरची तारीख संपत आली असेल तर नूतनीकरण आणि पर्यावरण कर विकणाऱ्याच्या अंगावर टाका.

आता तुमचा अडीच किलोमीटरचा रस्ता. ही गाडी पोटाला खाली आहे. डांबरावर ते सुख आहे, वळणावर झोकत नाही, आईबाबांना पाठीला त्रास होत नाही, दारातून चढायला पाय उंच टाकावा लागत नाही. पण काळ्या मातीच्या पांदणीत ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा राहतो. तो उंचवटा थेट ऑइलच्या चेंबरला लागतो. आमच्या वावराच्या वाटेवर एका गोट्यानं माझं चेंबर फुटलं, ऑइलचा दिवा लागताच इंजिन बंद केलं म्हणून वाचलं. गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली. खाली लोखंडी पत्रा बसवला तर गोट्यापासून वाचते, चिखलापासून नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे, श्रावणात काळ्या मातीत फसली की फसली.

यासाठी एक सोपं काम करा. नागपूरला जायच्या आधी एक वीट आडवी घ्या, तिच्यावर दुसरी आडवी ठेवा. ती जोडी तुमच्या रस्त्यात जिथे चाकोरी सगळ्यात खोल आहे तिथे तळाशी ठेवून पाहा. मधला उंचवटा वरच्या विटेच्या माथ्याच्या बराच खाली राहिला तर हिवाळा-उन्हाळा गाडी अंगणात येईल. माथ्याच्या जवळ आला किंवा वर गेला, किंवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी फाट्यावर कोणाच्या गोठ्यात ठेवण्याची सोय नसेल, तर हा पैसा उंच गाडीत घाला. रस्ता जमत असेल आणि पट्ट्याचं बिल नसेल, तर पट्टा, टेन्शनर, पंप आणि मजुरीचा खर्च एखाद्या मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि तो कागद विकणाऱ्यासमोर ठेवून तेवढे कमी करून मागा. सौदा झाला तर गाडी घरी आणायच्या आधी तिथेच काम करून घ्या, नागपूर ते तुमच्या गावापर्यंतसुद्धा जुन्या पट्ट्यावर आणू नका.