तेल कधी सुकतं का?

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ते सुपरवायझर आहेत. मुलगा बारावी झाला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवून. नीट दोनदा दिली, जमली नाही. आता तिसऱ्यांदा क्लासची फी भरलीय. ‘आणि हा गच्चीवर लोखंडी पत्र्यांना तेल लावत बसतो. रोज बोट लावून बघतो, वहीत लिहितो. तेलापासून रंगाचं रेझिन करायचं शिकणार म्हणे! तेल कधी सुकतं का? शेवटी पत्रे भंगारात टाकले. त्याची समजूत काढा.’

नमस्कार.

समजूत काढायचीच तर आधी तुमची काढतो. दोन पानांत नीटचे मार्क आहेत, फीचा आकडा आहे, आतेभावाचं एमबीबीएससुद्धा आहे. मुलाला डॉक्टर व्हायचंय, हे वाक्य मी दोनदा शोधलं. नाही सापडलं. पत्र त्याच्या नकळत लिहिलंय, हे मात्र आहे. भरलेली फी वाया जाऊ नये म्हणून त्याचं आणखी एक वर्ष घालवणार? साचा चुकलाय हे कळल्यावर तुम्ही त्यातच तिसऱ्यांदा रस ओतता का हो? आणि पत्रे भंगारात टाकलेत, ते मला फीपेक्षा जास्त लागलं.

आता तेलाचं. सगळी तेलं सुकत नाहीत, पण जवसाचं सुकतं. पाणी उडून जातं तसं नव्हे. हवेतला ऑक्सिजन घेऊन तेलाचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि पापुद्रा धरतो. कुठलं तेल किती सुकेल याचा अंदाज आयोडीन व्हॅल्यूवरून, म्हणजे ते किती आयोडीन धरतं त्या आकड्यावरून येतो. जवसाची साधारण 170 च्या वर, शेंगतेलाची 100 च्या आत-बाहेर, म्हणून ते चिकटच राहतं. एरंडेलही तसं सुकत नाही. त्याच्या रेणूतून पाणी काढलं की सुकायला लागतं. असं सुकणारं तेल ग्लिसरीनबरोबर 240 अंशांच्या आसपास शिजवायचं, मग थॅलिक अनहायड्राइड घालायचं, की अल्किड रेझिन होतं, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा चिकट पाया. अ‍ॅसिड व्हॅल्यू, म्हणजे उरलेल्या आम्लाचं माप, बघत वेळेवर थांबलं नाही, तर अख्खा घाणा रिअ‍ॅक्टरमध्येच थिजतो आणि फोडून काढावा लागतो. तुमच्या कास्टिंगला मारतात तो रेड ऑक्साइड प्रायमर बहुधा याच घराण्यातला. साच्यातले वाळूचे गाभे बांधायच्या कोअर ऑइलमध्येही बहुधा जवस असतं, कोअर शॉपमध्ये विचारा. चंदगड-आजऱ्याच्या काजूच्या टरफलातल्या तेलापासून तर इपॉक्सी रंग घट्ट करणारे हार्डनर होतात.

बोट लावून बघणं म्हणाल, तर रंगाच्या कारखान्यातली लॅबही तेच करते.

मुलालाही एक सांगा: वनस्पती तेल म्हणजे आयुर्वेद नव्हे. झायलीन या सॉल्व्हंटचा वास, तापलेला रिअ‍ॅक्टर, रात्रपाळी, सगळं आलं त्यात. आधी एखाद्या रेझिनच्या कारखान्यात आठवडाभर उभं राहून बघू दे.

वाट सरळ आहे: एमएचटी-सीईटी, मग मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) किंवा नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट), दोन्हीकडे सरफेस कोटिंग, म्हणजे रंग-लेपांचं तंत्र शिकवतात. नाही जमलं तर कोल्हापुरातच केमिकल इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी केमिस्ट्री.

पुढचं पत्र त्यालाच लिहू दे. भंगारवाल्याकडून पत्रे परत मिळाले तर गंज कडेनं आधी धरला की मधोमध, तेवढं बघून कळव म्हणावं.